मोटार बाहेर, कारखाना आत

मोटार रस्त्यावर गेली की आमचा कारखाना उघडतो. निगडी प्राधिकरणातल्या घराखाली पार्किंगची जेवढी जागा असते, तेवढीच त्याची हद्द. भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या अवजारांच्या गाड्या एकेक करून पुढे ओढायच्या. आधी वेल्डिंग मशीनची, मग ग्राइंडरचं स्टँड, शेवटी पत्र्याचा पडदा. संध्याकाळी सगळं उलट्या क्रमाने मागे सारायचं, चुंबक फिरवून लोखंडाचा चुरा गोळा करायचा, झाडू मारायचा आणि मोटार आत घ्यायची. ज्याला स्वतःची शेड आहे त्याची अवजारं एकदा जागेवर बसली की बसली. आमची रोज सकाळी बसतात, रोज संध्याकाळी उठतात.

या भागात अशी अवजारं चालवणारे हात गल्लोगल्ली सापडतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर एकामागून एक कारखाने आले. १९७२ साली प्राधिकरण आलं, कामगारांसाठी सेक्टर आखले गेले. त्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये, मेंटेनन्समध्ये हयात घालवलेली माणसं आता या सेक्टरांतून सकाळी फिरायला निघतात. खिशातली पोलादी पट्टी केव्हाच गेली, पण कुणाच्याही गेटसमोरून जाताना डोळा त्याचा काटकोन तपासल्याशिवाय राहत नाही. निवृत्तीनंतर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी वेल्डिंग मशीन घेतं.

पूर्वी घरी वेल्डिंग मशीन घेण्याचा विचारच कुणी केला नसता. तेलात बुडवलेला तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे एक लोखंडी पेटी. तिला जन्मतःच बिडाची चाकं असत आणि ती हलवायला दोन गडी लागत. आता दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पाच-सहा किलोंचं येतं, त्याला खांद्यावर टाकायला पट्टाही असतो. म्हणून मी गाडी करायला घेतली तेव्हा घरातून पहिला प्रश्न तोच आला. "अहो, जे खांद्यावर मावतं त्याला गाडी कशाला?"

प्रश्न रास्त होता. मशीन खांद्यावर मावतं, पण त्याचा संसार मावत नाही. होल्डरची केबल, अर्थिंगची केबल, रॉडचा डबा, हेल्मेट, कोपरापर्यंतचे हातमोजे, कीट काढायची हातोडी, तारेचा ब्रश, पकड, चार-सहा क्लॅम्प. हे सगळं हाताशी नसलं तर अर्धा दिवस उठबस करण्यात जातो, आणि साठीनंतरच्या गुडघ्यांना त्याचा हिशेब बरोबर कळतो.

मग गाडी कशी असावी हे त्या वस्तूच सांगू लागतात. रॉड साडेतीनशे मिलिमीटर लांबीचा, म्हणजे तो उभा ठेवायला तेवढ्या उंचीचा डबा हवा. आणि डब्याला घट्ट झाकण हवं, कारण आषाढात रॉडवरचं आवरण दमट होतं, मग आर्क फडफडतो आणि टाक्यात भोकं पडतात. वरचा कप्पा सपाट नको, जरा मागे कललेला हवा, म्हणजे मशीनच्या तोंडावरचा आकडा वाकल्याशिवाय वाचता येतो. मशीनच्या मागे पंखा असतो, ती बाजू मोकळी ठेवायची. केबल गुंडाळायला दोन्ही अंगांना सळईचे आकडे. आणि ग्राइंडर याच गाडीवर ठेवायचा मोह कितीही झाला तरी ठेवायचा नाही. मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांनी फिरणारी ती चकती लोखंडाचा जो चुरा उडवते, तो मशीनचा पंखा आत ओढून घेतो. चुरा वीजवाहक, आत नाजूक सर्किट. मशीन मेल्यावर दुरुस्तीवाला पाठ उघडतो आणि काळी भुकटी झटकत आपल्याकडे नुसतं बघतो. म्हणून ग्राइंडरचं बिऱ्हाड वेगळं.

मशीनच्या पाटीवर 'साठ टक्के' असं काहीतरी लिहिलेलं असतं. दहा मिनिटांतली सहा मिनिटं त्या अँपिअरवर काम, चार मिनिटं विश्रांती, असा त्याचा अर्थ. पुण्याच्या हवेत वामकुक्षी यंत्रांनाही लागू होते याचं मला फार समाधान आहे.

मौज अशी की पहिली गाडी गाडीशिवाय करावी लागते. मशीन खाली, माणूस खाली, अँगल खाली. खाली नुसता कोबा असेल तर तेही जपून, कारण तापलेल्या लोखंडाखाली काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि वरचा पापुद्रा फटकन उडतो. मध्ये एखादी जाड प्लेट टाकावी लागते. कदाचित म्हणूनच कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात जा, गिऱ्हाइकाच्या गेटावर कमळं आणि मोर असतात, आणि दुकानदाराचं स्वतःचं स्टँड तीन जातींच्या उरलेल्या अँगलचं, रंग न दिलेलं, एका पायाला लाकडाची ढलपी. त्याला ते कधीतरी नीट करायचं असतं. तो 'कधीतरी' वीस वर्षं टिकतो.

एक इंची, तीन मिलिमीटर जाडीचा अँगल घेतला तर वीस फुटांचा नग साडेसहा-सात किलो भरतो. गाडीच्या सांगाड्याला तो पुरेसा आहे. जास्त जाड लोखंड वापरण्याची हौस म्हणजे स्वतःला रोज ढकलायला लावलेला दंड. तुकडे कापून चौकट मांडली की चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके द्यायचे. गुण्या लावायचा, पण त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवायची नाही. दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तरच चौकट खरी. आणि मग सुरू होतो लोखंडाचा हट्ट. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि आकसताना शेजारच्या अँगलला आपल्याकडे ओढतो. एकाच कोपऱ्यात पूर्ण वेल्ड मारून मोकळं व्हावं म्हटलं, तर समोरचा कोपरा सावकाश उघडत जातो. उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: एक वेल्ड इथे, पुढचा समोरासमोरच्या कोपऱ्यात, मध्ये थांबायचं, पुन्हा कर्ण. तरुण पोरांना हे थांबणं जमत नाही. आर्कचा उजेड आणि तो तळणीचा आवाज सुरू झाला की हात सोडवत नाही, हेही खरंच आहे. चांगल्या वेल्डवरची कीट थंड होता होता आपोआप सुटते, हातोडीने नुसतं टोचलं की अख्खी पट्टी निघून येते आणि खाली खवल्यांची रेघ दिसते. रुपेरी, एकसारखी. त्या रेघेसाठी लोक गाडीची गरज शोधून काढतात, असा माझा संशय आहे.

माल भंगारातून आणायचा, हा या छंदाचा अलिखित नियम. पुण्याचा जुना बाजार आहेच. आमच्या बाजूला कुदळवाडी होती. बंद पडलेल्या कारखान्यांची रॅक, दवाखान्यांच्या ट्रॉल्यांची चाकं, काय हवं ते तिथे ढिगात मिळे. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली बांधकामं पाडली आणि तो सगळा पसारा उठला. ज्यांनी आम्हाला इतकी वर्षं चाकं विकली, त्यांच्या दुकानांना चाकं नव्हती. भंगारातला एकच माल मी घेत नाही, जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाईप. तो स्वस्त मिळतो, गंजत नाही, आणि वेल्ड करताना त्यातून जो पांढरा धूर निघतो त्याने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डर लोक त्यावर गूळ आणि दूध सांगतात. मी पाईपच बदलतो.

चाकांबद्दल मात्र लोक फार बेफिकीर असतात. ऑफिसच्या खुर्चीची चाकं काढून लावतात. पहिल्या दिवशी झकास पळतात आणि पहिल्या ठिणगीला प्लॅस्टिक वितळून बसतं. रबरात लोखंडाचे कण रुततात. बिडाचं चाक कशालाच दाद देत नाही, पण दुपारी एक ते चारमध्ये ते फरशीवरून ओढून दाखवावं आणि शेजाऱ्यांशी संबंध टिकवूनही दाखवावेत. आकार हा खरा मुद्दा आहे. लहान चाक फरशीच्या सांध्यात अडकतं, आणि अडकलं की उंच गाडी पुढे कोलमडते. माझ्या एका मित्राकडे गॅस लागणारं वेल्डिंग मशीन आहे. त्याच्या गाडीवर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, भरलेला ऐंशी किलोंच्या पुढे. त्याने मोठी चाकं मागे घेतली, सिलिंडर बरोबर त्यांच्या आसावर उभा केला, दोन ठिकाणी साखळीने बांधला, आणि पुढे फिरती छोटी चाकं लावली. एका हाताने ढकलतो. ती गाडी पाहून मला असूया वाटली, हे सांगायला हरकत नाही.

पत्र्याच्या पडद्याचं कुणी कौतुक करत नाही, पण सगळ्यात मोलाची गाडी तीच. आर्ककडे आपण काळ्या काचेतून बघतो. गेटासमोरून शाळेला जाणारी पोरं उघड्या डोळ्यांनी बघतात, आणि तो उजेड बघण्यासारखाच असतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मग बटाट्याच्या चकत्या वगैरे उपचार. पडदा आधी, आर्क नंतर.

कारखाना चाकांवर नेण्याची कल्पना आमची नाहीच. पाऊस सरला की घिसाडी गावाच्या कडेला पाल ठोकतात. बिऱ्हाड, भाता, घण, कोळसा, सगळं त्यांच्याबरोबर फिरतं. पुरुष सांडशीत लाल झालेली पट्टी धरतो आणि घण बाई घालते. तासाभरात विळे, कोयते, कुऱ्हाडी. लहानपणी बघत उभा राही तेव्हा जे लक्षात आलं नव्हतं ते आता येतं: इतक्या सगळ्या हलत्या सामानात ऐरण तेवढी ते जमिनीत रोवून टाकत. ठोका खाणारी वस्तू हलून चालत नाही.

माझं घोडं अडलं ते इथेच. शेगडा, म्हणजे कामगारांच्या भाषेत वाईस, हीसुद्धा ठोका आणि ओढ खाणारी वस्तू. चाकांवर ठेवला तर कानस पुढे नेताच अख्खं स्टँड कानशीबरोबर निघतं. पार्किंगच्या फरशीला बोल्ट मारावेत तर त्यावर मोटार कशी घ्यायची? अखेर तळाला ट्रकचा टाकाऊ ब्रेक ड्रम घेतला, त्यावर जाड पाईप उभा केला, वर प्लेट, प्लेटवर शेगडा, तोंड कोपराच्या उंचीला. पाय तीन दिले, कारण शहाबादी फरशी कितीही चांगली बसवली तरी चार पायांतला एक उपाशी राहतो. तीन पाय मात्र नेहमी टेकतात. वेल्डिंग पुरतं झाल्यावर पाईपमध्ये वाळवलेली वाळू भरली, आणि वरच्या बाजूला एक भोक मुद्दाम उघडं ठेवलं, पुढे कधी पुन्हा वेल्ड मारायची वेळ आली तर आतली तापलेली हवा कोंडू नये म्हणून. वाळूने वजन वाढलं, शिवाय ठोक्याचा घंटेसारखा नाद गेला. ड्रमच्या मागच्या कडेला दोन चाकं अशी लावली की स्टँड उभं असताना ती जमिनीपासून तीन मिलिमीटर वर राहतात. काम चालू असताना त्यांचा काही संबंध नाही. मागे कलवलं की मात्र सगळा भार त्यांच्यावर येतो आणि ती अवजड वस्तू मुकाट भिंतीपर्यंत चालत जाते.

शेजारच्या काकांनी ते कलवून, फिरवून, पुन्हा कलवून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांना असंच एक करून द्या हो." कुंडीला कुणी घण घालत नाही, सिलिंडरची ट्रॉली घेऊन या, असं त्यांना सांगून पाहिलं. उद्या सकाळी कुंडी मोजायला बोलावलंय.