साडूने मारलेली पाचर

वेज म्हणजे पाचर, हे मला शब्दकोशात बघून कळलं. तोवर ती घरात येऊन चार दिवस झाले होते.

त्याचं असं झालं. न्यू जर्सीचे आमचे साडू डिसेंबरात मुलुंडला आले. आम्ही कॉलेजातले मित्र, साडू नंतर झालो, त्यामुळे अरे-तुरेच. हा तिकडे गेल्यापासून गोल्फ खेळतो, आणि या खेपेला 'चेंबूरला एका मित्राबरोबर खेळायचंय' म्हणून अर्धी बॅगच घेऊन आला होता. परत निघताना सामान काट्यावर चढवलं तर आकडा तेवीस किलोंच्या पुढे. भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट जाणार हे मेव्हणीने आधीच ठरवलेलं. मग काहीतरी कमी करणं आलं. कमी झाली ती एक काठी.

"तुलाच ठेव," साडू म्हणाला. "हा वेज आहे."

"व्हेज?" आतून हिचा आवाज.

तर ही ती वस्तू. टोकाला वाकड्या पळीसारखं लोखंडी डोकं. त्यावर 56 आणि 12 असे दोन आकडे कोरलेले. डोक्याच्या पाठीमागे एका ओळीत तीन भोकं आणि तिन्हींत स्क्रू. दोन फिकट, एक काळपट. सोबत सहा पाकळ्यांच्या टोकाचा एवढुसा पाना. काळपट स्क्रू वजनदार, आठ ग्रॅमचा, तो हवा त्या भोकात बसवायचा. काठीच्या डोक्यालाही टाच आणि चवडा असतो. दांड्याजवळची ती टाच, लांबचं टोक तो चवडा. वजन टाचेकडे असलं की मारताना काठीचं तोंड लवकर मिटतं, चेंडू डावीकडे कलतो. चवड्याकडे असलं की तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे पळतो. "नवशिक्याने टाचेकडे लावावं," एवढं सांगून साडू विमानतळाच्या टॅक्सीत बसला.

मी तोपर्यंत गोल्फ पाहिला होता तो चेंबूरच्या क्लबच्या भिंतीबाहेरून. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासून तिथे आहे. लहानपणी मावशीकडे जाताना रिक्षातून भिंतीपलीकडची ती हिरवळ दिसायची. एवढी मोठी जागा मोकळी आणि त्यात क्रिकेट कुणीच कसं खेळत नाही, हा माझा गोल्फविषयीचा एकमेव विचार होता.

आता वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी सोसायटीच्या गच्चीवर उभा राहिलो. सेक्रेटरींची परवानगी 'भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू वापरीन' या अटीवर मिळाली. काथ्याचं पायपुसणं अंथरलं, त्यावर चेंडू, आणि वीस पावलांवर गवंड्याचं जुनं घमेलं. गोल्फचं खरं भोक 108 मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. त्या मानाने घमेलं म्हणजे विहीरच. वीस पावलं, विहिरीएवढं लक्ष्य, आणि पहिल्या संध्याकाळी चाळीस चेंडूंत एकही आत नाही.

जे घडत होतं ते दोन प्रकारांनी. काठी चेंडूच्या मागे आपटली की चेंडूपेक्षा पायपुसणं लांब जायचं. किंवा काठी चेंडूच्या डोक्यावर बसायची आणि चेंडू सरपटत जाऊन पाण्याच्या टाकीवर टण्णकन आपटायचा. तिसरा प्रकार मला येतच नव्हता.

खरा घोळ इथून सुरू झाला. साधी काठी असती तर म्हटलं असतं, आपल्याला जमत नाही. पण या काठीला स्क्रू होते. चेंडू डावीकडे गेला की मी पाना काढून काळा स्क्रू चवड्याकडे न्यायचो. उजवीकडे गेला की टाचेकडे आणायचो. टाकीवर आपटला की मधल्या भोकात. वही केली. तारीख, भोक, किती डावे, किती उजवे, किती टाकीवर. जानेवारी संपेपर्यंत वहीची अकरा पानं भरली आणि त्यांतून एवढंच सिद्ध झालं की टाकीला कुठलंही भोक चालतं. सकाळी घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्या मेट्रोत वरची कडी धरून मनगट न वळवता उभं राहायचा सराव करायचो. रात्री जेवताना ही विचारायची, "आज कुठल्या भोकात?"

फोनवर साडूला गाऱ्हाणं सांगितलं तर तो म्हणाला, अरे, सगळं शॉर्ट गेमवर आहे. हिशोब त्यानेच घातला. अठरा भोकं, ठोके बहात्तर. दर भोकाला हिरवळीवर पटरचे दोन धरले की त्यातच छत्तीस गेले. हिरवळीच्या आसपासच्या चिप, पिच आणि वाळूतल्या सुटका त्यात मिळवल्या की उरलं काय? लोक मात्र पैसे घालतात लांब मारायच्या ड्रायव्हरवर. स्क्रूची हौसही आधी तिथेच आली. 2004 मध्ये टेलरमेड कंपनीने चार सुटे स्क्रू असलेला ड्रायव्हर काढला, आणि पुढे ते लोण वेजपर्यंत पोचलं. "पण आठ ग्रॅम इकडचे तिकडे केल्याने काय होतंय?" मी विचारलं. साडू दुखावला. डोक्याचं वजन दोन ग्रॅमनी वाढलं तरी हाताला कळतं, म्हणाला. काठ्या बनवणारे त्याचं मापच ठेवतात, त्याला स्विंगवेट म्हणतात.

आठ ग्रॅम खरंच आठ आहेत का, हा किडा तेव्हा डोक्यात शिरला. घरातला काटा रव्याचा, त्याला ग्रॅम कळत नाहीत. म्हणून शनिवारी तिन्ही स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून पाच रस्त्याजवळच्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेलो.

सोनाराने काचेच्या पेटीतल्या काट्यावर फिकट स्क्रू ठेवला. दोन ग्रॅम. दुसरा, तोही दोन. मग काळा. आठ ग्रॅम आणि वर चार-पाच सेंटिग्रॅम. त्याने आकडा पाहिला, स्क्रू पाहिला, परत आकडा पाहिला. भिजलेल्या हरभऱ्याएवढी वस्तू आणि पाऊण तोळ्याच्या वर वजन. स्क्रू तळहातावर झेलला. डोळ्याला भिंग लावलं. मग काउंटरच्या काचेवर अगदी हलकेच टाकून आवाज ऐकला.

"काका, हे काय आहे?"

"टंगस्टन. गोल्फच्या काठीचं."

त्याने हात असा मागे घेतला की जणू विंचू बघितला. मग आवाज खाली आणून त्याने मला जे सांगितलं, ते साडूच्या सगळ्या प्रवचनाहून मोलाचं होतं. सोन्याचं विशिष्ट गुरुत्व 19.3. शिशाचं 11.3, लोखंडाचं 7.8. म्हणून शिसं भरलेलं बिस्कीट पाण्यात तोललं की लगेच पकडता येतं. पण टंगस्टन 19.25. वरून सोन्याचा पत्रा आणि आत टंगस्टन असलं तर काटाही फसतो आणि पाणीही फसतं. "या धातूमुळे आमच्या धंद्यात लोक बुडालेत," तो म्हणाला. "आणि तुम्ही तो काठीला लावून चेंडू मारता?" त्याने पुडी नीट बांधून दिली. "परत दुकानात आणू नका, काका. गिऱ्हाईक बघतं."

एवढ्याशा जागेत एवढं वजन मावतं म्हणूनच काठीवाल्यांनी टंगस्टन उचललं. घरी येताना पुडी खिशात नसून मुठीत होती, हे जिन्यात कुलूप उघडताना लक्षात आलं.

फेब्रुवारीत मात्र ठरवलं की खऱ्या गवतावर एकदा मारून बघायचं. खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फ मैदान आहे. तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. ऑफिसातला एकजण खेळतो, त्याच्या पदराला धरून गेलो. पहाटे ऐरोलीचा पूल ओलांडला तेव्हा खाडीवर धुकं होतं. पांडवकड्याचा डोंगर समोर आला तेव्हा उन्हं नुकती पडत होती. पावसाळ्यात धबधब्याचा गलका असतो तिथे आता नुसता काळा कडा. गवत पिवळं पडू लागलेलं, जमीन टणक.

काठ्या वाहणारे कॅडी पन्नाशीच्या जवळचे, सांगलीकडचे, पण वाढलेले चेंबूरला. मी त्यांना भाऊ म्हणू लागलो, ते मला साहेब. माझे पहिले चार ठोके त्यांनी न बोलता पाहिले. पाचवा टाकीवर बसायच्या जातीचा होता, फक्त टाकी नव्हती. हिरवळीपलीकडच्या झुडपात गेला. मी सवयीने पाना काढला आणि काठी उलटी केली.

"काय करताय साहेब?"

"वजन चवड्याकडे घेतो."

"मॅच असती तर बाद झाला असता," भाऊ म्हणाले. फेरी सुरू झाल्यावर काठीचा गुण बदलायचा नाही, असा नियमच आहे. बदललेल्या काठीने एक ठोका जरी मारला तरी स्पर्धेतून बाहेर. "द्या तो इकडं." आणि पाना त्यांनी आपल्या पॅंटच्या खिशात टाकला. स्क्रू त्या वेळी टाचेकडे होता. मी बघतच राहिलो. चहाच्या टपरीवरच्या पोराची बिडी मास्तरांनी काढून घ्यावी तसं झालं.

मग त्यांनी काठी हातात घेतली. मागचे स्क्रू त्यांनी बघितलेही नाहीत. डोकं उलटं करून तळावर अंगठा फिरवला. "हे बघा, हिला पोट आहे." खरंच होतं. पुढची धार जरा वर आणि तिच्यामागे तळाला फुगवटा. तो दुसरा आकडा, 12, या पोटाचा होता. गोल्फच्या भाषेत त्याला बाउन्स म्हणतात. पहिला आकडा, 56, तोंड किती आडवं आहे याचा. पोट मोठं असलं की काठी मऊ जमिनीत किंवा वाळूत रुतत नाही, वर उसळते. पण जमीन टणक असली की तीच काठी जमिनीवर आपटून उसळते आणि धार चेंडूच्या कपाळावर बसते.

"सराव कुठं करता?"

"गच्चीवर."

"खाली काय?"

"पायपुसणं. त्याखाली कोबा."

भाऊ हसले. "मग उसळणारच की! खाली जुनी गादी टाका."

अकरा पानं वही. तीन भोकांची तीनशेच्या वर नोंद. आणि कारण पायाखाली, कोब्यात.

पुढे एका भोकाला माझा चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. तिथे भाऊंनी सांगितलं, चेंडूकडे बघूच नका, त्याच्या दोन बोटं मागच्या वाळूत पोट आपटा. मी आपटलं. वाळूचा फवारा उडाला, आणि त्या फवाऱ्यात बसून चेंडू वर आला आणि हिरवळीवर मऊ पडला. मी परत खाली बघितलं, चेंडू खरंच गेला होता. पुढच्या बंकरमध्ये हीच युक्ती करताना वाळू डोळ्यात गेली आणि चेंडू जागचा हलला नाही, हेही इथेच लिहून टाकतो.

हे पोट काठीला आणलं जीन सॅराझेन नावाच्या इटालियन वंशाच्या अमेरिकन खेळाडूने. 1931 च्या सुमाराला. विमान वर चढताना शेपूट खाली घेतं हे बघून त्याला सुचलं, असं तो सांगायचा. त्याने आपल्या काठीच्या तळाला शिसाळ धातूचा थर झाळला आणि कानशीने घासून घासून आकार दिला. 1932 ची ब्रिटिश ओपन त्याने त्याच काठीच्या जोरावर जिंकली. स्पर्धेआधी कुणी बघू नये म्हणून ती बॅगेत उलटी ठेवायचा म्हणतात. म्हणजे वेजला वजन लावायचा खटाटोप नव्वद वर्षांचा आहे. फरक एवढाच की त्याचं वजन एकदा झाळलं की झाळलं. त्याला पाना नव्हता.

परतीच्या वाटेवर भाऊंना विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? त्यांनी हात हलवून डोंगराच्या पलीकडे, चेंबूरकडे दाखवलं. लहानपणी बाप क्लबात कॅडी. पोरांना आत मारायला कुठलं मिळायला? इमारतीच्या कामावरची सळी घ्यायची, टोक दगडावर ठेचून वाकवायचं, वरून सायकलच्या ट्यूबची पकड. प्लॅस्टिकचा चेंडू. गल्लीतल्या गल्लीत भोकं ठरलेली. एक नळाखाली, एक पिठाच्या गिरणीच्या पायरीला. गटारात गेला तर एक ठोका दंड आणि काढणाराही तोच. पत्र्याला लागला तर शिव्या वेगळ्या. "तिथं चेंडू उचलूनच टाकावा लागायचा साहेब, सरपटवला तर कुणाच्या तरी भांड्यात."

मी त्यांच्या सळीला किती भोकं होती ते विचारलं नाही.

घरी आल्यावर हात धुताना आठवलं, पाना भाऊंच्या खिशातच राहिला. फोन केला. "देतो की, पुढच्या रविवारी," म्हणाले. पुढच्या रविवारी मला ऑफिसचं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तर भाऊ गावी, जत्रेला. चैत्र लागला. तो पाना आता सांगली जिल्ह्यात कुठेतरी खुंटीवरच्या पॅंटमध्ये आहे. मुलुंडच्या हार्डवेअरवाल्यांकडे तसल्या पाकळ्यांचा पाना मिळाला, पण एक नंबर मोठा. स्क्रू टाचेकडच्या भोकात गच्च बसलाय तो बसलाय.

गच्चीवर पायपुसण्याखाली हिच्या माहेरची कापसाची जुनी गादी दुमडून टाकली. काल संध्याकाळी वीस चेंडू मारले, अकरा घमेल्यात पडले. सात इकडे तिकडे, एक टाकीवर, आणि एक सेक्रेटरींच्या बायकोच्या तुळशीत. रात्री न राहवून साडूला फोन केला.

"स्क्रू कुठे आहे?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"टाचेकडे."

"बघ! मी सांगितलं होतं की नाही?"

गादीचं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात तो तिकडे मोठ्याने मेव्हणीला सांगत सुटला की आपल्या वेजने मुलुंडमध्ये कमाल केली, आणि आतून हिचा आवाज आला, "गादी खाली आणलीस का? दव पडेल."