बारा आण्यांचा मसाला

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण कुणी केली ठाऊक नाही. पण त्याच्या दारात एखादी जुनी जर्मन गाडी उभी असणार, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही!

आमच्या न्यू जर्सीच्या घरासमोर गेली नऊ वर्षं अशी एक कोंबडी उभी आहे. २०१३ चं मॉडेल, सहा सिलिंडर, टर्बो, मागच्या चाकांवर चालणारी सेदान. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की ओळखीतले अर्धे लोक भांडायला येतात आणि उरलेले अर्धे स्वतःची बिलं दाखवायला. जर्मनीतल्या तीन मोठ्या नावांपैकी एक समजा.

विषय निघाला तो भाच्यामुळे. एमएस झालं, नोकरी लागली, एच-१बीच्या लॉटरीत नंबर लागला आणि आता त्याला 'मामासारखी' गाडी हवी आहे. सात वर्षं जुनी, ८० हजार मैल झालेली, १९ हजार डॉलरला. "मामा, एवढ्यात नवी साधी गाडीसुद्धा जेमतेम येते. मग हीच का नको?" पाठोपाठ ताईचा सांगलीहून फोन, "तूच समजाव त्याला. तुझंच बघून हे खूळ डोक्यात शिरलंय." दोघांनाही फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी हिशेब. बँकेत काम करणाऱ्या बापाचा मुलगा असल्यामुळे पहिल्या दिवसापासून एक्सेलमध्ये पै न् पै लिहिलेली आहे. गाडी नवी असताना ४८ हजारांची होती. पहिला मालक तीन वर्षं लीजवर वापरून परत देऊन गेला आणि २०१६ साली मी ती साडेचोवीस हजारांना घेतली, ३६ हजार मैलांवर. आज काट्यावर एक लाख अठरा हजार मैल आहेत आणि विकायला काढली तर साडेआठ हजार येतील.

या नऊ वर्षांत ऑइल, फिल्टर, प्लग वगैरे नेहमीची कामं ३,९०० डॉलर. टायर आणि दोन रिम ४,६५०. ब्रेक दोनदा, २,३००. ऑइल गळायला लागलं म्हणून दोन गॅस्केट, १,८५०. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट १,२००. गिअरबॉक्सचं ऑइल ७००. पुढच्या सस्पेन्शनचे बुश १,४००. बॅटरी, सेन्सर आणि किडुकमिडुक १,५००. एकूण साडेसतरा हजार. विमा आणि पेट्रोल वेगळं. आमच्या राज्यात स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे. पंपावरचा माणूस "रेग्युलर?" असं विचारतो आणि मला दर वेळी "प्रीमियम" म्हणावं लागतं. नऊ वर्षांत या एका शब्दाचेच अडीचेक हजार डॉलर झाले असतील.

याच काळात, जवळजवळ तेवढेच मैल चाललेल्या बायकोच्या कॅमरीला लागले ६,२००. (हा आकडा घरात पाठ आहे. पाहुणे आले की म्हणूनही दाखवला जातो.)

आता हा फरक येतो कुठून? लोकांना वाटतं, नावाचे पैसे घेतात. थोडं खरं आहे, पण बरंचसं कारण गाडीच्या बांधणीतच आहे. ज्या रस्त्यांवर लांबलांबच्या पट्ट्यांत वेगमर्यादाच नाही अशा रस्त्यांवर तासन् तास पळायचं, हे गृहीत धरून ती बनवली आहे. ब्रेक घट्ट पकडतात, पण पॅडबरोबर डिस्कही झिजते, म्हणून दोन्ही एकदम बदलायचं. ऑइल लागतं साडेसहा लिटर, तेही ठरावीक प्रतीचं सिंथेटिक. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे करून आयुष्य वाढवायची सोय नाही. डिकीत स्टेपनी नाही. त्याऐवजी रन-फ्लॅट टायर, ज्यांच्या भिंती इतक्या जाड असतात की हवा गेली तरी ताशी ५० मैलांनी पन्नासेक मैल जाता येतं. सोय उत्तमच, पण टायर महाग. आणि इथे थंडीत रस्त्यात पाणी गोठतं, वितळतं आणि मार्चमध्ये खड्डे उघडे पडतात. त्यात कडक, बुटका टायर आपटला की दणका थेट रिमला. माझे दोन्ही रिम असेच गेले.

बाबांची चेतक आठवते. रविवारी सकाळी प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं, क्लचची केबल ओढून बघणं आणि मी शेजारी पाना धरून उभा. त्या स्कूटरची देखभाल म्हणजे वेळ होता, पैसा फारसा नव्हता. माझ्या गाडीत ऑइल बघायची पट्टीसुद्धा नाही, पडद्यावर आकडा येतो त्यावर विश्वास ठेवायचा. नवी बॅटरी बसवली तर गाडीच्या कॉम्प्युटरशी तिची ओळख करून द्यावी लागते, नव्या जावयासारखी. नाही तर तो जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने तिला चार्ज करत राहतो. म्हणजे रविवारची सकाळ द्यायची तयारी असली तरी गाडी ती घेत नाही.

दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली. ही गाडी माझ्यासाठी बनवलेलीच नाही! अमेरिकेत अशा गाड्या भरपूर प्रमाणात तीन वर्षांच्या लीजवर जातात. जर्मनीत नव्या गाड्यांचा मोठा हिस्सा कंपन्यांच्या नावावर असतो आणि तोही काही वर्षांत बदलला जातो. इथे तिन्ही नावांची वॉरंटी चार वर्षं किंवा ५० हजार मैल. म्हणजे कंपनीचं खरं गिऱ्हाईक पहिला मालक. त्याला काय हवं? शांतता, वेग आणि गॅरेजचं तोंड न बघणं. दहाव्या वर्षी प्लॅस्टिकचा पंप किंवा रबराचं गॅस्केट कसं वागेल याची त्याला फिकीर नाही.

गिअरबॉक्सचंच बघा. माझ्या गाडीच्या पुस्तकात त्याचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही. पण गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीतली झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदला. मग लाइफटाइम नक्की कुणाचा? मी ७०० डॉलर देऊन बदललं. गिअरबॉक्सच गेला असता तर बिल गाडीच्या किमतीला जाऊन भिडलं असतं.

आता भाच्या, तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू १९ हजारांची गाडी १९ हजारांच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघतोयस. गोची इथेच आहे. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, तिची बिलं उतरत नाहीत. निम्म्या किमतीत घेतली म्हणून पंप निम्म्या किमतीत मिळत नाही आणि मेकॅनिकचा तासाचा दरही निम्मा होत नाही. तू १९ हजार दिलेस तरी सांभाळायची आहे ती पन्नास हजारांचीच गाडी.

पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर मामा स्वतः मजा मारून दुसऱ्याला उपदेश करतो असं होईल. पहिल्या मालकाच्या तीन वर्षांत गाडीची किंमत साडेतेवीस हजारांनी उतरली, वर्षाला पावणेआठ हजारांच्या वर. माझी घट वर्षाला पावणेदोन हजारांच्या आसपास. त्यात देखभालीचे १,९५० धरले तरी वर्षाला पावणेचार हजारांच्या आतच. म्हणजे तीच गाडी मी त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात चालवली. आणि कामावरून परतताना २८७ वर चढणाऱ्या त्या गोल रॅम्पवर स्टिअरिंग हातात जिवंत होतं, त्याला एक्सेलमध्ये रकाना नाही. कॅमरीशी वर्षाला साडेबाराशे डॉलरचा फरक मी त्यासाठी देतो आणि मला तो जड वाटत नाही.

मग अडचण कुठे आहे? सरासरीत. वर्षाला १,९५० हा आकडा ऐकायला गुळगुळीत वाटतो, पण तो तसा येत नाही. २०१९ साली मी गाडीवर २१० डॉलर खर्च केले. आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या मार्चपर्यंत, सहा महिन्यांत ५,६००. वॉटर पंप, दोन्ही गॅस्केट, बुश आणि ब्रेक, सगळे एकाच हिवाळ्यात आले. पंपाला थांबवून ठेवता येत नाही. तो बंद पडला आणि तशीच गाडी दामटली तर इंजिनचं हेड वाकतं. त्याच हिवाळ्यात तुझ्या मामीची नोकरी गेली होती. हे ताईलाही आम्ही तेव्हा सांगितलं नव्हतं.

आम्ही निभावलो ते आईमुळे. आईच्या फडताळात डाळींच्या डब्यांमागे पैशांचे डबे असायचे, दिवाळीचा वेगळा, आजारपणाचा वेगळा. तसं गाडी घेतल्यापासून एक वेगळं खातं काढून त्यात महिन्याला १५० डॉलर टाकत होतो, गाडी काही मागो वा न मागो. त्या हिवाळ्यातली बहुतेक बिलं त्यातून भागली. घरखर्चाला हात लागला नाही. नऊ वर्षांचा हिशेब मांडला तर तेराशे डॉलर कमी पडले, ते पगारातून.

तुझं चित्र वेगळं आहे. एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी, दुसरा व्हिसा, नाही तर परतीचं तिकीट. त्या ६० दिवसांत घरभाडं लागतं, वकील लागू शकतो, आणि दाजींनी घर तारण ठेवून काढलेल्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी दारात दीड हजारांचं काम काढून बसलेली गाडी घाईघाईत विकायला गेलास तर समोरचा काय भाव देईल, तूच सांग.

बाबा म्हणायचे, विकत घेण्याची ऐपत वेगळी आणि बाळगण्याची वेगळी. तुझी पहिली ऐपत आहे. दुसरी दोनेक वर्षांत येईल.

तरी घ्यायचीच असेल तर माझ्या तीन अटी. एक, विकणाऱ्याचा नव्हे तर आपला मेकॅनिक लावून गाडी खालून-वरून तपासून घ्यायची. त्याचे दोनेकशे डॉलर गाडी नाकारली तरी वाया जात नाहीत. दोन, आधीच्या कामांची बिलं नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, परत फिरायचं. तीन, गाडीचे पैसे दिल्यावरही सहा महिन्यांचा खर्च आणि वर गाडीच्या डब्यात तीन हजार शिल्लक हवेत. तिसरी अट आज पुरी होत नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

असो. ताई, मी समजावलंय, आता फोनवर त्याच्या मागे लागू नकोस. आणि भाच्या, तोवर शनिवारी माझी घेऊन जात जा. किल्ली मामीकडे असते. पेट्रोल प्रीमियमच भरायचं, आणि मार्च महिन्यात खड्डे बघून!