रोखून धरलेली धून

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दादाचं ऑपरेशन काल झालं. उजवा डोळा. पडद्याला छिद्र. आत गॅस भरलाय, तो छिद्रावर दाब देणार. आठवडाभर पालथं. झोपताना पालथं, बसताना मान खाली, जेवताना खाली. उताणं मुळीच व्हायचं नाही.

वहिनींनी टेबलावर चादरीची गुंडाळी करून कपाळाला टेकण दिलंय. चहा स्ट्रॉने.

१० नोव्हेंबर, रविवार

टीव्ही नाही, पेपर नाही, मोबाइल नाही. "काहीतरी लाव," म्हणाला. मी अभिषेकीबुवांचं काढून ठेवलं होतं. तो म्हणाला, "बॉण्ड लाव. नुसती गाणी नकोत. सिनेमातलं सगळं संगीत, पहिल्यापासून."

भाच्यानं पुण्याहून फोनवरच सगळे अल्बम ओळीनं लावून दिले. स्पीकर खाली जमिनीवर ठेवला, बरोबर दादाच्या तोंडाखाली.

११ नोव्हेंबर, सोमवार

'डॉक्टर नो', १९६२. संगीतकार मॉन्टी नॉर्मन. बॉण्डची धून त्याची. पण जग ओळखतं ते तिचं रूप जॉन बॅरीनं बांधलेलं. गिटारवर व्हिक फ्लिक. जून १९६२ चं ध्वनिमुद्रण.

पेटी काढली. सा आणि कोमल ग दाबून ठेवले. वर प, कोमल ध, शुद्ध ध, परत कोमल ध. अर्ध्या-अर्ध्या सुरानं वर जायचं, तसंच खाली यायचं. तीन पट्ट्या. बासष्ट वर्षं यावर चाललीत.

शेवटचा कॉर्ड शोधायला वेळ लागला. सा, कोमल ग, प, शुद्ध नि, वरचा रे. सुटे वाजवले तर पटदीपातले सूर. पाचही एकदम दाबले की अंगावर काटा येतो. टेबलाखालून आवाज आला, "परत दाब."

रात्री. ही धून मुळात बॉण्डसाठी नव्हतीच. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास'वर संगीतिका व्हायची होती, तिच्यासाठी नॉर्मननं एक गाणं केलं होतं, सतारीच्या वळणाचं. संगीतिका झाली नाही. गाणं पडून राहिलं. 'डॉक्टर नो'च्या वेळी त्यानं ते काढलं, सूर तोडून तोडून गिटारला दिले. त्रिनिदादमधल्या भारतीय घरातलं गाणं ब्रिटिश हेराच्या वाट्याला आलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी वाद. धून नॉर्मनची की बॅरीची? एका इंग्रजी वृत्तपत्रानं बॅरीची म्हणून छापलं, नॉर्मननं बदनामीचा दावा लावला, २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयात तो जिंकला. तीस हजार पौंड भरपाई.

दादाला निकाल मान्य. मलाही. पण बॅरीचे ब्रास काढून घेतले तर उरतं काय, हा माझा प्रश्न. आपल्याकडे सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर शंकर-जयकिशनच्या गाण्यांना अंगावरचे कपडे शिवून देत होते. तबकडीवर त्यांचं नाव शोधावं लागतं. सुचणं आणि बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही नावं लिहावीत.

वहिनी मान चोळून देताना म्हणाल्या, "तुमचं भांडण ऐकून ह्यांची मान दुखायची थांबलीय."

१३ नोव्हेंबर, बुधवार

'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) आणि 'गोल्डफिंगर' (१९६४). दोन्ही बॅरी. आता घर त्याचं.

बॅरी यॉर्कचा. जन्म १९३३. वडिलांची थिएटरं होती, पोरगा पडद्यासमोरच वाढला. वाजवायचा ट्रम्पेट. जॅझचं लेखन शिकला बिल रुसोकडून, पत्रानं. 'गोल्डफिंगर'मध्ये हे सगळं ऐकू येतं. पहिल्याच दोन सुरांत ब्रास अंगावर येतं आणि लगेच शर्ली बॅसीचा गळा. शेवटचा सूर ती सोडतच नाही.

फोर्ट नॉक्सवरच्या हल्ल्याचा तुकडा दादानं दोनदा ऐकला. ताशासारखा छोटा ड्रम, संथ. मग एकेक वाद्य वर चढत जातं. चाल वाढवत नाही. वजन वाढवतो.

'डॉक्टर नो'त बॉण्ड हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकतो तरी थीम वाजते. 'फ्रॉम रशिया'त बॅरीनं धावपळीसाठी स्वतःची वेगळी धून आणली, '००७' नावाची. मूळ थीमला जरा उसंत मिळाली.

दादाला ते पटत नाही. "वाजली की बरं वाटतं. माणूस आलाय हे कळतं."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

रात्री दादाला झोप नाही. पालथं पडून छाती दुखते. तीन वाजता 'थंडरबॉल' (१९६५) लावलं, हळू. पाण्याखालची लढाई. तिथे कोणी बोलू शकत नाही, म्हणून संगीतालाच सगळं सांगावं लागतं. बॅरी घाई करत नाही. खालच्या पट्टीतल्या बासऱ्या, व्हायब्राफोनचे थेंब.

झोपला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तपासणी. छिद्र मिटतंय असं डॉक्टर म्हणाले. आता ताठ बसायला हरकत नाही, उताणं झोपायचं नाही. गॅस आहे तोवर विमान नाही, घाट नाही.

नजर? "गॅस गेल्यावर बोलू."

येताना रिक्षात दादा काही बोलला नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', १९६९. याच्यावर सावकाश लिहायचं होतं.

शीर्षकाला गाणं नाही. नुसती वाद्यं. खाली मूग सिंथेसायझरचा जाड, खरखरीत बेस. १९६९ साली सिनेमाच्या वाद्यवृंदात हे नवंच होतं. वर ब्रास, एकेक पायरी उतरत येणारं. बर्फावरच्या पाठलागात हेच परत येतं. ऐकताना पाय आपोआप दाबला जातो.

आणि दुसऱ्या बाजूला लुई आर्मस्ट्राँगचं गाणं. हाल डेव्हिडचे शब्द, बॅरीची चाल. आर्मस्ट्राँग आजारी होता. ट्रम्पेट वाजवण्याइतकी ताकद नव्हती, नुसता गायला. १९७१ मध्ये गेला.

बॅरीनं या दोन धुना सिनेमाभर वेगळ्या ठेवल्यात. एक हेराची, एक नवऱ्याची. शेवटी बायकोला गोळी लागते, गाडीच्या काचेला भोक, मागे आर्मस्ट्राँगच्या गाण्याची चाल नुसत्या तारवाद्यांवर. आणि ती संपते न संपते तोच बॉण्डची थीम फुल आवाजात. मला ते नेहमी क्रूर वाटायचं. आज दादाला तसं म्हटलं.

"क्रूर नाही," म्हणाला. "त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

भराभर. 'लिव्ह अँड लेट डाय' (१९७३), बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन, गाणं मॅकार्टनीचं. 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७), मार्विन हॅमलिश, थीम डिस्कोत. दादा खूश. त्याच्या सातपूरच्या कारखान्याच्या दिवसांतला हा बॉण्ड. टेबलावर बोटं वाजवत होता.

'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४). गाडी हवेत गरकन फिरून पलीकडच्या काठावर उतरते. खरोखर उडवलेली. त्या उडीवर बॅरीनं शिट्टीचा 'फुईई' घातला. पुढे त्याला स्वतःलाच ते नकोसं वाटलं. एवढा संयमी माणूस, आणि जिथं गप्प राहायचं नेमकं तिथंच आवाज.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डोळ्यात वरच्या बाजूला उजेडाची पट्टी दिसते म्हणाला. खाली गॅस हलतो, पाणसळीतल्या बुडबुड्यासारखा. मान हलवली की रेघ हलते.

वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. मला अजून हिशेब करायचा नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

व्हिक फ्लिक गेल्याची बातमी. १४ तारखेला गेले, सत्त्याऐंशी वर्षांचे होते. आम्ही इथे रोज त्यांचीच गिटार ऐकत होतो.

वाद्य १९३९ चं, क्लिफर्ड एसेक्स पॅरागॉन. मोठ्या पोटाचं, पिकअप बसवलेलं. 'डॉक्टर नो' लावलं. फक्त सुरुवात. तारेला लागलेला प्रत्येक फटका वेगळा ऐकू येतो. जोर सुरुवातीला, मग लगेच दाबून टाकलेला सूर. कुठे मींड नाही, लाड नाही.

दादा म्हणाला, "पगारी वादक होते ना?" हो. दर ध्वनिमुद्रणाच्या हिशेबानं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दादा ऐकेना. मान खाली घालून, माझ्या खांद्यावर हात ठेवून शाळेत गेला. डाव्या डोळ्यानं बटण शोधलं. शाई लावून आला.

संध्याकाळी 'ऑक्टोपसी', १९८३. उदयपूर, कबीर बेदी, रिक्षांचा पाठलाग. विजय अमृतराज गारुडी होऊन पुंगीवर बॉण्डची थीम वाजवतो आणि बॉण्ड ती ओळखतो. नायपॉलच्या बिस्वासपासून निघालेली धून फिरून पुंगीत. लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं का कोण जाणे. बॅरीनं भारतीय वाद्यांचा बाजार मात्र मांडला नाही, तारवाद्यांवरच राहिला. त्याबद्दल त्याचे आभार.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

'मूनरेकर' (१९७९) परत, माझ्या हट्टानं. बॅरीनं अवकाशात जाताना ढोल वाजवले नाहीत. सावकाश तारवाद्यं, शब्दांविना गाणारा कोरस. चित्रात लेझर आणि आचरटपणा. नुसतं ऐकलं तर प्रार्थना.

'द लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७), बॅरीचा अकरावा आणि शेवटचा बॉण्ड. शेवटाकडे पडद्यावर वाद्यवृंद चालवणारा माणूस म्हणून स्वतःच दिसतो. निरोप घ्यायची ही पद्धत मला फार आवडते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बाहेर निकालांचे फटाके. आत 'गोल्डनआय', १९९५. एरिक सेरा. थीम नगाऱ्यांवर तोडलेली, सगळं लोखंडी, थंड. निर्मात्यांना सेंट पीटर्सबर्गमधला रणगाड्याचा पाठलाग तसा झेपला नाही. तेवढा तुकडा जॉन आल्टमननं नव्यानं केला, ओळखीच्या ब्रासमध्ये.

दादाच्या मते ते बरोबर केलं. मला सेरा पूर्ण ऐकायचा होता. चुकीचा रस्ता का असेना, त्यानं शेवटपर्यंत जायला हवं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

डेव्हिड आर्नल्ड. बॅरीनं स्वतः त्याचं नाव सुचवलं होतं. 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७): बॅरीचे ब्रास आणि खाली यंत्रांचा ठेका. थीम दर पाच मिनिटांनी. दादाचं जेवण गोड.

मग 'कसिनो रॉयल', २००६. तोच आर्नल्ड. बॉण्ड नवा आहे, अजून बॉण्ड झालेला नाही. म्हणून थीम नाही. ख्रिस कॉर्नेलबरोबर केलेल्या शीर्षकगीताचीच चाल तुकड्यातुकड्यांत फिरवत नेतो. जुन्या धुनेच्या मधूनच खुणा, त्याही अर्ध्यावर सोडलेल्या. दोन तास वीस मिनिटं. शेवटच्या प्रसंगात तो आपलं नाव सांगतो आणि मग गिटार. पूर्ण. पहिल्यांदा.

दादा म्हणाला, "एवढा वेळ कशाला थांबला?"

मी म्हटलं, "मग तुला आत्ता एवढं बरं का वाटलं?"

बराच वेळ बोलला नाही. नंतर, "हं. पण येणार हे माहीत होतं म्हणून थांबता आलं."

हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. थांबवून ठेवायची ताकद संगीतकाराची खरी. पण थांबायची ताकद ऐकणाऱ्याची, आणि ती आधीच्या सगळ्या सिनेमांनी भरून ठेवलेली. 'डॉक्टर नो'तल्या त्या खोलीखोलीतल्या थीमशिवाय आर्नल्डला गप्प बसता आलं नसतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

'स्कायफॉल' (२०१२). थॉमस न्यूमन. बारीक वीण, खाली सतत काहीतरी टिकटिकतं. जुनी ॲस्टन मार्टिन गॅरेजमधून निघते तेव्हा थीम. ॲडेलच्या गाण्याखाली त्याच अर्ध्या सुरांच्या पायऱ्या. पेटीवर ताडून पाहिल्या. बॉण्डच्या गाण्याला पहिलं ऑस्कर यालाच.

'स्पेक्टर' (२०१५). न्यूमनच, पण त्यातलं बरंच मागच्यातलं उचललेलं. पटकन संपवलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

गॅसचा ठिपका उरलाय. दादानं उजव्या डोळ्यानं खिडकीकडे पाहिलं. ऑपरेशनआधी गज मधोमध वाकडे दिसायचे. आता सरळ दिसतात म्हणाला. अक्षरं अजून पुसट. डॉक्टरांच्या मते पूर्ण कळायला तीन महिने.

वहिनी आत जाऊन रडल्या. मी पेटी पुसत बसले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

'नो टाइम टू डाय', २०२१. हान्स झिमर, गिटारवर जॉनी मार. १९६९ मधल्या दोन्ही धुना परत येतात. इटलीत डोंगरकडेच्या रस्त्यावर आर्मस्ट्राँगच्या गाण्याची चाल, हळू. ऐकणाऱ्याला तिथेच धसका. ती धून मागे कुठे वाजली होती हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच. बाकीच्यांना नुसती गोड वाटेल.

शेवटी बॉण्ड जातो. नामावळीवर आर्मस्ट्राँगचा मूळ आवाज. या वेळी त्यानंतर थीमचा दणका नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नाही.

दादाला आठवण करून दिली. म्हणाला, "म्हणूनच नाही वाजवली. बरोबर केलं." थीम वाजवण्यावर आमचं पहिल्यांदाच एकमत.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी क्रमवारी. पहिलं 'ऑन हर मॅजेस्टीज'. मग 'गोल्डफिंगर', 'कसिनो रॉयल', 'मूनरेकर', 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (वरून झरत येणाऱ्या त्या व्हायोलिनांसाठी).

दादाची: 'गोल्डफिंगर', 'द स्पाय हू लव्ह्ड मी', 'टुमॉरो नेव्हर डाइज'. 'कसिनो रॉयल' चौथा. पंधरा दिवसांपूर्वी तो त्याच्या यादीत नसता. 'ऑन हर मॅजेस्टीज' नाहीच. "चांगलं आहे, पण परत ऐकवणार नाही," म्हणाला. मी आग्रह केला नाही.

डॉक्टरांनी रोज थोडा वेळ टीव्हीची परवानगी दिलीय. उद्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', चित्रासकट. भाचा येतोय. पेटीवरचा तो पाच पट्ट्यांचा कॉर्ड त्याला शिकवायचाय.