करीमची चूल

अम्मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची आणि मी तिला बाबूराव अर्नाळकर वाचून दाखवायचो. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या ऐकता ऐकता अम्मीचे हात भराभर चालत. पुढे गोंदियात मास्तरकी करता करता मीही रहस्यकथाच लिहू लागलो.

नवी कादंबरी इंग्रजी अमदानीतली आहे. गोंदियाहून जबलपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत तेंदूपत्ता ठेकेदाराच्या मुनिमाचा खून होतो. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या करीमवर संशय येतो. ज्याच्यावर पहिला संशय, तो गुन्हेगार नसतो. रहस्यकथेचा हा जुना कायदा. बाहेरच्या जगात तो चालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

हस्तलिखित ऐकून अम्मीनं विचारलं, "करीमनं केलं नाही ना? मग शेवटच्या पानापर्यंत त्याला कोठडीत का ठेवलंस?"

"रहस्य टिकवायला."

"तुझं रहस्य टिकलं रे बेटा. पण तेवढे दिवस त्याच्या घरी चूल कशी पेटली, ते कुठं लिहिलंस?"

त्या रात्री करीमच्या घरावर मी एक प्रकरण लिहिलं. उत्कंठा थोडी कमी झाली. होऊ दे.