पट्ट्याचा ताण

पिठाच्या गिरणीत मोटरीवरचा पट्टा फिरताना तुम्ही पाहिला असेल. पायाने चालवायच्या शिलाई यंत्रालाही पट्टा असतो. कार्यालयातील छपाईच्या यंत्रातही तो असतो. पण झाकणाखाली लपलेला. अशाच एका लहानशा पट्ट्याने मला मोठा धडा शिकवला.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा यंत्रदुरुस्तीचे काम शिकत होतो. महिनाअखेरीस एका कार्यालयातून बोलावणे आले. तेथील डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पगारपत्रक नीट छापत नव्हता. या प्रिंटरच्या हेडमध्ये बारीक सुया असतात. कोणात ९, तर कोणात २४. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर ठिपक्यांची अक्षरे उमटतात. हेडला डावीकडून उजवीकडे नेण्याचे आणि परत आणण्याचे काम एक दातेरी पट्टा करतो. तो सैल पडला, की जाताना आणि येताना छापलेल्या ओळी नीट एकाखाली एक येत नाहीत. पगारपत्रकातील उभ्या रेषा अशाच नागमोडी झाल्या होत्या.

उस्ताद दुसऱ्या कामात होते, म्हणून मी एकटाच गेलो. पट्ट्याच्या चाकाचा स्क्रू सैल केला, जोर लावून चाक मागे ओढले आणि स्क्रू आवळला. पट्टा तारेसारखा ताठ झाला. रेषा सरळ आल्या. मी ऐटीत परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला. प्रिंटर मध्येच बंद पडला होता. पगारपत्रक अपुरे राहिले होते. दाराशी बसलेले शिपाईकाका म्हणाले, "आज पगार झाला असता, तर मुलीची फी भरली असती."

या वेळी उस्ताद बरोबर होते. त्यांनी आधी वीज बंद केली. हेड तापलेले होते, ते थंड होऊ दिले. मग हेड हाताने सरकवून पाहिले. ते जड जात होते. पट्टा मधोमध बोटाने दाबला, तर तो जराही दबेना.

"बेटा, सैल पट्टा काम बिघडवतो आणि फार घट्ट पट्टा मोटर बिघडवतो," उस्ताद म्हणाले.

त्यांनी स्क्रू सैल केला. चाकामागे एक छोटी स्प्रिंग होती. तिने पट्ट्याला हवा तेवढाच ताण दिला. मग त्यांनी स्क्रू आवळला. आता पट्टा बोटाखाली किंचित दबत होता आणि बोट उचलताच पूर्ववत होत होता. छपाई सुरू झाली.

"यंत्र जुने झाले का हो?" मोठ्या साहेबांनी विचारले. उस्ताद काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले. 'हो' म्हणणे सोपे होते. माझी चूक झाकली गेली असती. पण माझी नजर शिपाईकाकांकडे गेली.

"नाही साहेब, चूक माझी होती. मी पट्टा फार घट्ट केला," मी म्हणालो.

उस्तादांनी त्या दिवशी मजुरी घेतली नाही. वाटेत मी मान खाली घालून चाललो होतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता पट्टा बरोबर बसला, बेटा."

मित्रांनो, ते कोणत्या पट्ट्याबद्दल बोलत होते, हे तुम्हांला कळलेच असेल.