नाव कानाला वेगळं वाटलं पाहिजे

आमच्या रत्नागिरीत कंपनी काढायला येणाऱ्याच्या मनात नाव बहुधा पक्कं असतं. आंबा-काजूवरचा प्रक्रिया उद्योग असो की शेतकरी उत्पादक कंपनी, नावात 'कोकण', 'रत्ना', 'सागर' किंवा ग्रामदेवता हवीच. हे प्रेम शेजारच्या वाडीलाही असतं. म्हणून कंपनी सेक्रेटरी या नात्याने मी आधी नाव तपासायला घेते.

नवं नाव आधीच्या कंपनीच्या नावाशी फार मिळतंजुळतं नसावं, असं 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 4 सांगतं. 'फार' म्हणजे किती, ते 2014च्या नियमांतला आठवा नियम ठरवतो. 2019च्या दुरुस्तीने त्यात उदाहरणांसह स्पष्टता आली. मी नाव कागदावर लिहून नियमाच्या लेखी फरक न ठरणारी एकेक गोष्ट खोडत जाते. समजा, 'अमृतफळ फूड्स' आधीपासून आहे आणि समोरच्याला 'अमृत-फळ फूड रत्नागिरी' हवंय. जोडरेघ गेली, एकवचन-अनेकवचनाचा फरक गेला, शेवटी जोडलेलं गावही गेलं. उरलं ते जुनंच नाव. अंकशास्त्राच्या सल्ल्याने स्पेलिंगमध्ये जादा 'ए' घातला तरी तोही खोडायचा. शब्दांची उलटापालट आणि 'डॉट कॉम' यांचीही तीच गत.

यादी पाठ असली तरी शेवटचा निवाडा कानाने करावा, असं माझं ठाम मत आहे. मालक दोन्ही नावं शेजारी ठेवून फरक दाखवतो. मुंबईहून फोनवर आंब्याची पेटी मागवणाऱ्याला मात्र गेल्या हंगामातलं नाव अर्धवटच आठवत असतं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या वादात 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने असाच ग्राहक डोळ्यांपुढे ठेवला. तो नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत, असं न्यायालयाने मानलं. 'अमृतधारा'वाल्यांनी बरीच वर्षं चालवून घेतलं, म्हणूनच 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

नावात 'हापूस' घालूनही वेगळेपण येत नाही. 'हापूस'ला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव कोकणातल्या बागायतदारांचं सामाईक आहे. नुसतं 'रत्नागिरी लिमिटेड' हे नावही कोणाला मिळत नाही. तेव्हा वेगळेपण शेपटाला जोडून भागत नाही, ते नावाच्या मुख्य शब्दात लागतं. नाहीतर नोंदणीनंतरही तीन वर्षांच्या आत ट्रेडमार्कचा मालक अर्ज करून नाव बदलायला लावू शकतो, आणि छापलेली लेबलं वाया जातात. पण मी आग्रह धरते तो या भीतीपोटी नाही. दुसऱ्याने वर्षानुवर्षं चोख माल देऊन कमावलेल्या विश्वासावर आपला पहिला हंगाम काढू नये, एवढ्यासाठी धरते.