कन्हानच्या शिंपल्यांचं देणं

समुद्रापासून इतक्या लांब, नागपुरात राहून शिंपल्यांचा अभ्यास कसा केलात, असं मला नेहमी विचारतात. शिंपले गोड्या पाण्यातही असतात आणि नागपूरच्या मातीशी त्यांचं नातं फार जुनं आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांतून गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले आणि 1860 मध्ये त्यांची वर्णनं छापली. हिस्लॉप कॉलेजात शिकताना ते वाचलं आणि माझी वाट ठरली; हे माझ्यावरचं पहिलं ऋण.

दुसरं ऋण लेफेव्हर आणि कर्टिस या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांचं. बटणांच्या कारखान्यांसाठी तिथल्या नद्यांतले शिंपले वारेमाप उपसले गेले, तेव्हा त्यांची पैदास कशी करता येईल हे या दोघांनी 1912 मध्ये मांडलं. नदीतल्या बहुतेक शिंपल्यांच्या अळ्यांना माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ काढावा लागतो. मासा मिळाला नाही तर त्या मरतात. उत्तर अमेरिकेत या शिंपल्यांच्या सुमारे 300 जाती. त्यांतल्या बहुतेक आज संकटात आहेत, काही कायमच्या संपल्या. उरलेल्या वाचवण्यासाठी तिथं टाक्यांमध्ये पैदास होते, ती याच ज्ञानावर.

सगळ्यांत मोठं ऋण मात्र नागपूरजवळच्या कन्हान नदीकाठच्या एका ढीवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, काकांचं. "पायानं पाह्य पोरी, डोयानं नाई दिसत," असं म्हणत त्यांनी मला अनवाणी पाण्यात उतरवलं. वाळूत रुतलेल्या शिंपल्याची कड तळव्याला कशी लागते, ते तिथं कळलं. कुठल्या डोहात कुठला मासा थांबतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. अळ्यांसाठी आमच्या टाकीत सोडायला जिवंत मासे तेच आणून द्यायचे.

प्रयोगशाळेत अळ्या जिवंत आहेत का, हे मिठानं तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली मिठाचा कण सोडला की धुळीएवढी ती इवली शिंपली पटापट मिटतात. ते पाहताना प्रत्येक वेळी माझा जीव भांड्यात पडला.

टाकीत वाढवलेलं पिल्लू शेवटी नदीतच सोडायचं असतं. तिथं वाळू उरली नसेल, मासा उरला नसेल, तर आमची सगळी मेहनत वाया. म्हणून कळकळीनं सांगते: कन्हानची वाळू ओरबाडणं थांबवा, आणि नदीबद्दल काही ठरवण्याआधी ढीवरांना विचारा.